मोआईवाले साडभाऊ

आमच्या थोरल्या साडभाऊंइतका निरुपयोगी ज्ञानी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि आमचा जिल्हा काही लहान नाही. माणसाला छंद असावा. कोणी तिकिटं जमवतो, कोणी कबुतरं पाळतो, कोणी आमदाराच्या मागे फिरतो. पण मारेगावात मंडप-बिछायतीचा धंदा करणाऱ्या माणसाने, ज्याने समुद्र एकदाच आणि तोही सहलीच्या बसच्या खिडकीतून पाहिला, त्याने पार तिकडच्या महासागरातल्या एका टीचभर बेटावरच्या दगडी पुतळ्यांची काळजी आयुष्यभर वाहावी, याला छंद म्हणत नाहीत. विदर्भात याला डोकं फिरणं म्हणतात. मीही तेच म्हणत आलो, आणि बहुतेक वेळा त्यांच्या तोंडावर.

हे खूळ त्यांना लागलं ते एका रिसेप्शनमध्ये. मुलीच्या बापाला स्टेजमागे समुद्रकिनाऱ्याचं चित्र हवं होतं. साडभाऊंनी नागपूरहून पडदा छापून मागवला आणि न उघडताच ताणून लावला. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसल्यावर लोकांच्या लक्षात आलं की समुद्र आहे, आकाश आहे, पण दोघांच्या मागे लांब नाकाचे, ओठ मिटलेले, भल्लेमोठे दगडी चेहरे ओळीने उभे आहेत. सगळ्यांची मुद्रा अशी, की हे लग्न त्यांना मुळीच पसंत नाही. मुलीचा बाप धावत आला. "अहो, हे कोनाचे बाप उभे केले मागं?" साडभाऊ वर पाहत राहिले. त्या पाहण्यातून ते परत आलेच नाहीत. पाहुणे पंगतीला गेले, फोटो निघाले, वरात गेली, आणि हे मात्र रिकाम्या स्टेजसमोर उभे. तो पडदा पुढे कधी भाड्याने दिला नाही. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर लागला आणि त्यापायी आमच्या ताईचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं, शोकेस मागल्या खोलीत गेलं.

तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं म्हणजे त्या बेटावर जाऊन येणं झालं. सुरुवात कशाचीही असो. तुम्ही म्हणा, यंदा सोयाबीनला भाव नाही, ते म्हणत, "भाव सोडा पाहुने, त्या बेटावरची झाडं संपली तवा त्यायनं काय केलं असंन, इचार करा." तुम्ही म्हणा, गुडघे दुखतात, ते म्हणत, त्या पुतळ्यांना पाय नाहीत पण कमरेपर्यंतचं धड जमिनीत गाडलेलं आहे, लोक उगाच नुसती मुंडकी समजतात. ही शेवटची गोष्ट त्यांना फार लागे. पुतळ्यांना 'मुंडकी' म्हणणाऱ्या एका डॉक्टरकडे जाणं त्यांनी बंद केलं आणि ताप अंगावर काढला. पुतळ्याला तिकडे मोआई म्हणतात असं ते प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येकजण विचारी, "मोआई म्हणजे कोनाची आई?" घराला त्यांनी बेटाचं खरं नाव दिलं, रापानुई. फाटकावर रंगवलेली पाटी लोक 'रापा नाई' अशी वाचत, आणि एक म्हातारे गृहस्थ खरोखरच दाढी करायला येऊन ओसरीवर बसले होते.

बरं, स्थळकाळाचं भान असावं! एका घरी माती आटोपून आम्ही सांत्वनाला बसलो होतो. बायका रडत होत्या, पुरुष जमिनीकडे पाहत होते. साडभाऊंनी खाकरून सांगितलं, "तिकडं मानूस गेला का त्याचा पुतळा उभा करत. पाठ समुद्राकडं आन तोंड गावाकडं. म्हंजे आपल्या लोकायवर ध्यान राह्यते." रडणं थांबलं. सांत्वनाने थांबलं असं त्यांचं मत, गोंधळाने थांबलं असं माझं. त्यांच्या मुलीला पाहायला मुलं आली तेव्हाही प्रश्न एकच: ते एवढे दगड खाणीतून किनाऱ्यापर्यंत नेले कसे? पहिला मुलगा इंजिनिअर होता. तो हसून म्हणाला, परग्रहावरच्या लोकांनी नेले असतील. साडभाऊंनी पोह्याची बशी त्याच्या हातातून काढून घेतली. "ज्याले मानसाच्या आंगातल्या ताकदीवर भरोसा नाई, त्याले माही पोरगी नाई." दुसरा घाबरत म्हणाला, "मले नाई माहीत." तो आज जावई आहे.

त्यांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं. बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की पुतळे चालत गेले. शहाण्या लोकांनी ते थोतांड ठरवलं. साडभाऊंना मात्र ते शब्दशः पटलं होतं. उभ्या पुतळ्याच्या डोक्याला दोर बांधायचे, काही माणसं डावीकडे, काही उजवीकडे, काही मागे धरून. डावीकडच्यांनी ओढलं की पुतळा एका काठावर कलतो आणि दुसरी बाजू पुढे सरकते, मग उजवीकडच्यांनी ओढायचं. घरातलं कपाट आपण असंच सरकवतो. तिकडे कोणी तसं करूनही पाहिलं आहे, हे ऐकल्यावर तर त्यांना धीर धरवेना. "तिकडं चालला त काय झालं? माह्या डोयासमोर चालला पायजे."

म्हणून त्यांनी मुकुटबनकडच्या एका पाथरवटाकडून पुतळा घडवून घेतला. पाथरवटाच्या हाताला जाती, पाटे आणि मारुती यांची सवय. त्याला छापील पडदा दाखवला, समजावलं, शेपूट करू नको म्हणून बजावलं. त्याने शेपूट केली नाही, पण हनुवटी फुगवायची राहिली नाही. एकूण स्वरूप असं, की द्रोणागिरी सापडला नाही म्हणून परत आलेला मारुती तोंड लपवून उभा आहे. माणसापेक्षा उंच ते धूड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं आणि रस्त्यापलीकडे, बिछायतीच्या गोदामासमोर उतरलं. घर रस्त्याच्या अलीकडे. लोक म्हणाले, ट्रॉली इकडेच लावायची होती. साडभाऊ म्हणाले, "इकडं तो पायदळ येईन."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांनी आम्हा नातेवाइकांना जेवायला बोलावलं. फोनवर मला म्हणाले, "पुरनपोळी हाय, या. आन जुने कपडे आना." राळेगावात माझं औषधांचं दुकान आहे. ते बंद ठेवून, बायकोला घेऊन, दोन बस बदलून मी गेलो, आणि फाटकात पाऊल टाकताच माझ्या हातात मंडपाचा दोर आला. मी ताईंकडे पाहिलं. त्या कढईतले वडे उलटत म्हणाल्या, "माह्याकडं नोका पाहू. मी या घरात त्या पडद्याच्या बी नंतर येतो."

मी सांगतो, अपमान काय असतो ते कळायला माणसाने पन्नाशी उलटल्यावर भर रस्त्यावर दगडाला बांधलेला दोर धरून उभं राहावं. डावीकडे मी आणि गोदामातले गडी, उजवीकडे जावई आणि आणखी काही गडी, मागे शेजारचे. गावातली पोरं लाकडी बैल घेऊन चालली होती. ती बैल सोडून आम्हाला पाहायला थांबली. साडभाऊ समोर, पुतळ्याकडे तोंड करून, लग्नात बँडला इशारा करतात तसा हात वर करून उभे. "डावा!" आम्ही ओढलं. काही झालं नाही. "उजवा!" काही झालं नाही. मी म्हटलं, "साडभाऊ, तो नाही म्हणतो आहे. जेवून घेऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "डावा!"

आणि तो हलला. दोरातून ते हलणं माझ्या खांद्यात आलं. दगड जरासा कलला, थांबला, आणि पलीकडची बाजू पुढे सरकली. "उजवा!" पुन्हा सरकला. नऊवारी सावरत चिखलातून निघालेल्या म्हातारीसारखा, डुलत डुलत, चेहऱ्यावर तीच नापसंती घेऊन तो आमच्याकडे येऊ लागला. माझ्या अंगावर काटा आला, हे मी लपवत नाही, आणि लगेच मला माझा राग आला.

डांबरी रस्ता त्याने निम्मा पार केला. मग एक काठ डांबराच्या फुटलेल्या जागी, पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत रुतला आणि पुतळा तिरपा होऊन अडला. आम्ही ओढलं, तो आणखी रुतला. तेवढ्यात वळणावरून वणीला जाणारी एसटी आली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुतळ्याने दाद दिली नाही. कंडक्टर खाली उतरला. "हे काय मधात आनून ठेवलं बाप्पा?"

"ठेवलं नाई. तो चालून राह्यला," साडभाऊ म्हणाले.

"मंग त्याले म्हना, जराक लवकर चाल. मले वणीले पोचाचं हाय."

मागे मोटरसायकली आल्या, कापसाच्या फवारणीचे पंप घेतलेले लोक आले, एक टेम्पो आला. कोणी म्हणालं जेसीबी बोलवा, पाडून बाजूला करा. हे ऐकताच साडभाऊ जाऊन पुतळ्याला पाठ लावून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाला हट्टी, चक्रम, कंटाळवाणा असं सगळं पाहिलं होतं. घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "पाडू नोका," ते म्हणाले. "तिकडं सारे पाडले व्हते. आपसात भांडले आन एकमेकायचे पाडले. हा पाडू नोका." आवाज इतका बारीक की कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं. मला त्यांची लाज वाटली आणि त्याच वेळी त्या जेसीबीवाल्याचा, जो अजून आलाही नव्हता, भयंकर राग आला. मी म्हटलं, "दोर मोकळे आहेत. ज्याला वणीला जायचं आहे त्याने धरावेत."

बस उतरली. शिव्या देत उतरली, पण उतरली. कोणी रुतलेल्या काठाखाली मंडपाच्या लाकडी बल्ल्या घातल्या. धोतरवाले, जीन्सवाले, मांडीवरचं पोर दुसरीकडे देऊन आलेली एक बाई, शेवटी कंडक्टरही. कोणीतरी पोळ्याची आरोळी ठोकली आणि सगळ्यांनी ओढलं. दगड मातीतून वर आला, उभा झाला, आणि मग थांबलाच नाही. डावा, उजवा, डावा, उजवा, रस्ता ओलांडून, फाटकातून आत, तुळशीला वळसा घालून अंगणात. लोक टाळ्या वाजवत होते. साडभाऊ पुतळ्यासमोर उलटे चालत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर पडत होतं.

ताईंनी सगळ्यांना पाणी दिलं, पुरली तितक्यांना पुरणपोळी दिली. बस गेली. अंगण शांत झालं. पुतळा रस्त्याकडे पाठ करून, घराकडे तोंड करून उभा होता, म्हणजे अगदी शास्त्राप्रमाणे, आणि थेट स्वयंपाकघरात पाहत होता. मला वाटलं आता भांडण. पण ताई पदराला हात पुसत त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे वळून अगदी मनापासून, काहीही न टोचता, त्यांनी विचारलं, "आनला त खरा. पन कायले?"

साडभाऊंनी तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट पाहत होतो. कोणत्याही प्रश्नावर तास घेणारा माणूस. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग म्हणाले, "पानं वाढा. सारे भुकेले असतीन."

त्या दिवसापासून ते त्या विषयावर बोलले नाहीत. आधी आम्हाला वाटलं, दमले असतील. माझी बायको तर म्हणाली, देव पावला. लग्नाकार्यात ते मुकाट्याने जेवून उठू लागले. सांत्वनाला गेले की सगळ्यांसारखे जमिनीकडे पाहत. गोदामाचा कारभार जावयाने हाती घेतला. ताईंनी एकदा फोनवर सांगितलं, "निवांत असते आता घर." आणि फोन ठेवण्याआधी तेच पुन्हा सांगितलं.

हिवाळ्यात मी एकटाच गेलो. साडभाऊ अंगणात उन्हाला बसले होते. ताईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून ठेवल्या. आम्ही सोलत बसलो. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "तुमचं कसं काय चाललं, पाहुने?"

इतक्या वर्षांच्या नात्यात हा प्रश्न त्यांनी मला प्रथमच विचारला होता. विचारून ते थांबले. खरंच ऐकायला थांबले. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं: दुकान, बायकोचं दुखणं, पुण्याला गेलेला आणि फोन न करणारा मुलगा. पण त्या माणसासमोर बोलायची मला सवयच नव्हती. मी म्हटलं, "बरं चाललं."

"हं," ते म्हणाले.

शेंगांची सालं वाढत गेली. ती शांतता मला सहन होईना. ज्या माणसाला गप्प करायला मी काय काय युक्त्या केल्या होत्या, त्याच्यापुढे आता मी धडपडत विषय शोधत होतो, आणि शेवटी विचारलं, "साडभाऊ, त्या बेटावर पाऊस पडतो का हो?"

त्यांचा हात थांबला. डोळ्यांत ते बेट पुन्हा आलं असं मला वाटलं. खूप लांब पाहिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पडतच असंन न," ते म्हणाले. "मानसं राह्यतेत तिथं." आणि शेंगांचं ताट त्यांनी माझ्याकडे सरकवलं.