दिराच्या खोलीतला राउटर

गौतमीने ऑफिसच्या हजेरीचं पान उघडलं आणि समोर तिच्या दिराच्या कॅमेऱ्यांचं पान आलं. व्हीपीएनची खूण मात्र हिरवी होती. म्हणजे कासार आंबोलीतल्या या घरापासून हिंजवडीतल्या ऑफिसपर्यंतची खासगी वाट जोडलेली होती. गौतमीचा कॉम्प्युटरच त्या वाटेने जायचं सोडून घरातल्या घरात घुटमळत होता.

बीएस्सी झालेली गौतमी एका विमा कंपनीचे दावे घरून तपासायची. ही सवलत तिने भांडून मिळवली होती, मुलीसाठी, आरोहीसाठी. सहा वर्षांच्या आरोहीला फिट यायची. फिट आली की तिला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि लांबली तर नाकात औषधाचा फवारा मारायचा. सासूबाई, धोंडाबाई, अजूनही हुंगवायला कांदा शोधत पळायच्या. म्हणून गौतमीने घरात असणं भाग होतं, आणि त्यासाठी हजेरी रोज लागायला हवी होती. साहेबांनी स्पष्ट लिहिलं होतं, पुन्हा खंड पडला तर सवलत बंद.

तिने व्हीपीएन तोडून पुन्हा जोडलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मोबाइलचं नेट लावल्यावर ऑफिसचं पान झटकन उघडलं, पण डोंगराच्या आडोशाला मोबाइलची रेंज टिकेना. शेवटी तिने ऑफिसच्या मदतकक्षातल्या अमोघला फोन लावला. त्याने सांगितलेल्या आज्ञा टाकून तिने आकडे वाचून दाखवले.

"सापडलं, मॅडम. तुमच्या घरच्या राउटरची आणि आमच्या सर्व्हरची नंबरांची मालिका एकच आहे. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतंय सर्व्हर घरातच आहे. मग तो बाहेर कशाला जाईल? घरी काही नवीन बसवलंय का?"

बसवलं होतं. दीर सुनीलने रस्त्याकडची जमीन विकून मागे बंगला बांधला होता, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. तिथे परवा कॅमेरे लावले, आणि ते सोयीचे व्हावेत म्हणून कॅमेरेवाल्याने राउटरचे नंबरच बदलून टाकले.

"मग तुम्ही माझ्या कॉम्प्युटरवर तेवढी वाट वेगळी टाकून द्या ना."

"त्याला परवानगी लागते. पोर्टलवर तक्रार टाका."

"पोर्टल व्हीपीएनच्या आत आहे, अमोघ."

तो हसला. "हो की! मग घरचा राउटरच बदला. एक आकडा बदलायचाय फक्त."

राउटर सुनीलच्या खोलीत, कुलपात. घरात नेट एकच, त्याच्या नावावर.

"भावजी, एकच आकडा बदलायचाय. कॅमेरे मी परत जोडून देते."

"तुमी? कॅमेरेवाल्याचा अख्खा दिस गेला त्यात. शनवारी पार्टी येतीय, वहिनी. मागच्यांनी चादरी न्हेल्या. कॅमेरं बंद न्हाई ठेवायचं."

"माझी नोकरी आहे हो ही."

"अगं, दिसभर खुर्चीतच बसतीस न्हवं," धोंडाबाई चुलीजवळून म्हणाल्या. "चार दिस न्हाई बसलीस तर काय बिगडतंय?"

नवरा निरंजन ताटावरून मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे ना. पाहुणे गेले की करेल तो. भाऊ आहे माझा."

"आणि आरोही कोण आहे तुमची?"

तो भाताची मूद फोडत राहिला.

रविवारी पाहुणे गेल्यावर किल्ली मिळाली. गौतमीने आकडा बदलला, एकेका कॅमेऱ्याला नवा नंबर दिला. फाटक दिसलं, पोहण्याचा तलाव दिसला. मग ती खोलीत येऊन कॉम्प्युटरसमोर बसली. ऑफिसचं पान उघडलं आणि आतला निरोपही: सवलत रद्द, उद्यापासून हिंजवडीत हजर राहावे.

सुनील दारात उभा राहून मोबाइलवर तलाव बघत होता. "झालं की लगीच! मंग येवढा इस्कोट कशापायी केला हुता, वहिनी?"

"भावजी, एक कॅमेरा ओसरीवर लावा."

"ओसरीवरनं काय चोरीला जातंय?"

फवाऱ्याची बाटली घेऊन ती सासूबाईंना पुन्हा एकदा दाखवायला गेली. "आई, नाकात. कांदा नाही." धोंडाबाईंनी बाटली पदरात गुंडाळली. "व्हय गं, कळलं."

दुसऱ्या दिवशी हिंजवडीत तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर व्हीपीएनशिवाय, क्षणात सर्व्हरला भिडला. शेजारी मोबाइलमध्ये, सुनीलने लावलेल्या कॅमेऱ्यातून, ओसरी दिसत होती. आरोही फरशीवर खडूने बदक काढत होती. मधेच चित्र थांबलं. आरोहीचा हात खडूसकट हवेत राहिला. हात आखडलाय की नेट अडकलंय, हे इथून ओळखायची सोय नव्हती. तिने धोंडाबाईंना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.