श्रीपाल मगदूमांची हरकत

श्रीपाल मगदूमांना आपल्या पुतणीचा हेवा वाटू लागला तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते आणि पुतणी चोवीस. हेवा हा शब्द त्यांनी स्वतः वापरला, पण बराच उशिरा. सुरुवातीला ते एवढंच म्हणायचे, "घरात जरा जास्तच लाड चाललेत."

शाहूपुरीत मगदूमांचं दुमजली घर. खाली श्रीपाल आणि त्यांची बायको त्रिशला. वर धाकटा भाऊ पारस, त्याची बायको आणि मुलगी आदिती. स्वयंपाक एकत्र. श्रीपाल रोज सकाळी साडेसातच्या एसटीनं इचलकरंजीला जात आणि एका व्यापाऱ्याकडं कापड तपासत. मागावरून उतरलेलं कोरं कापड काचेच्या टेबलावरून सरकत जातं, खाली दिवा असतो. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूनं खूण करायची. बाकीच्यांचे डोळे दोन तासांत शिणत, श्रीपालांचे शिणत नसत. अठ्ठावीस वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची. मगदूमांनी पास केलेलं कापड गिऱ्हाईक पुन्हा उलगडून बघत नसे.

तिथं हा मान, आणि घरात मात्र माणूसघाण्या. लग्नात बँड सुरू झाला की हे मागच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन उभे. पावणं आलं की ठरलेली चार वाक्यं बोलून आत. ताटात कोशिंबिरीचं पाणी भाताला लागलेलं त्यांना चालत नसे. पंचवीस वर्षं त्यांनी ते सांगितलं आणि पंचवीस वर्षं त्रिशलानं एकच उत्तर दिलं, "पोटात जाऊन एकच होतंय की."

आदिती पुण्यात दोन वर्षांत चार नोकऱ्या सोडून परत आली आणि दार लावून खोलीत बसली. पारसनं तिला राजारामपुरीत अवनी मॅडम म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्याकडं नेलं. तीन-चार भेटी झाल्या, मोठी तपासणी झाली आणि रिपोर्ट आला. आदितीला ऑटिझम होता, म्हणजे स्वमग्नता, जन्मापासून. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी पारसनं सगळ्यांना बसवून तो रिपोर्ट वाचून दाखवला. वाचता वाचता त्याचा आवाज भरून आला. "पोरीला आपण उगंच बोलत बसलो," असं म्हणून आदितीची आई रडली, त्रिशलाही रडली. दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. आदिती अंघोळीला गेल्याशिवाय मिक्सर लावायचा नाही. टीव्हीचा आवाज दहाच्या वर नाही. आणि जेवताना त्रिशला जावेला म्हणाली, "आदितीची कोशिंबीर वाटीत दे. भाताला लागलेलं तिला सोसत न्हाय."

श्रीपालांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी बायकोकडं बघितलं. तिच्या काहीच ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात जयसिंगपूरला चुलत्यांच्या घरी लग्न होतं. आदितीला कुणी चल म्हणालं नाही. श्रीपालांनी विचारलं, "मी पण घरी थांबू काय?"

"तुम्ही घरातलं थोरलं माणूस. लोक काय म्हणतील?" त्रिशला म्हणाली.

ते गेले. बँडचा आवाज छातीत आदळत होता आणि हे चपलांजवळ उभे होते. घरी खिडक्या लावून गार खोलीत पुस्तक घेऊन बसलेली आदिती त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती. नऊ वर्षांचे असताना असल्याच एका लग्नात ते पलंगाखाली जाऊन बसले होते. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, पायाला धरून बाहेर ओढलं होतं आणि पट्ट्यानं मारलं होतं, सगळ्या पाहुण्यांदेखत. मला पट्टा आणि हिला रिपोर्ट, असं त्यांच्या मनात आलं. त्या पोरीचा त्यांना इतका राग आला की अक्षता न टाकताच ते स्टँडवर गेले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. जेवण झाल्यावर आदिती समोर बसलेली असताना त्यांनी स्टीलच्या ताटावर चमचा दाबून ओढला. मुद्दाम, सावकाश. या आवाजानं तिच्या अंगावर काटा येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्याही अंगावर येत असे. आदितीनं कानांवर हात ठेवले. चमचा टाकून श्रीपालांनीही ठेवले.

दोघं तसेच एकमेकांकडं बघत राहिले. आदितीच आधी बोलली. "काका, तुम्हालाही होतंय की."

ते ताट उचलून उठून गेले. संध्याकाळी तिनं खाली येऊन आपला रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला. "वाचा एकदा."

अकरा पानं होती. त्यांनी ती कापडासारखी वाचली, ओळीवर बोट ठेवून. लहानपणी एकटीच खेळायची. ठरलेली जागा बदलली की कासावीस व्हायची. लोकांशी काय बोलायचं ते पाठ करून जायची. प्रत्येक पानावर आपली गोष्ट आहे आणि वर नाव मात्र दुसऱ्याचं, असं त्यांना वाटत गेलं.

घरी काही न सांगता रजा टाकून ते राजारामपुरीला गेले. अवनी मॅडमनी दोन दिवस प्रश्न विचारले, काही चाचण्या घेतल्या. मग म्हणाल्या, "तुमचं अगदी लहानपण पाहिलेलं कुणी आहे का? आई?"

आई गेली होती. थोरली बहीण राजमतीअक्का कळंब्याला राहायची, श्रीपालांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिला फॉर्म पाठवला. अक्कानं तो भरून परस्पर मॅडमकडं पोचवला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. स्वमग्नतेचे निकष पूर्ण होत नाहीत. काटेकोर स्वभाव आणि माणसांत वावरताना येणारी चिंता, असं खाली लिहिलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बालपणाच्या माहितीत तसं काहीच दिसत नाही. आणि तुम्ही नजरेला नजर देऊन बोलता."

श्रीपाल रंकाळ्याच्या कट्ट्यावर दुपारभर बसून राहिले. आजार नाही म्हटल्यावर माणसाला बरं वाटतं. यांना मात्र हातातलं काही तरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. आदितीला मिळालं, मला नाही. घरी आले तर ती व्हरांड्यात कानाला मोठाले हेडफोन लावून बसलेली. "काका, आलात?" म्हणाली, तर हे तिच्याकडं न बघता आत गेले. आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी स्वतःचा रिपोर्ट काढला आणि डाग शोधायला बसले. चौथ्या पानावर, अक्कानं भरून दिलेल्या माहितीत, सापडला. बोलायला कधी लागले: वेळेवर. इतर मुलांत खेळत: हो, पुष्कळ. आवाजाचा त्रास: नाही. पलंगाखालच्या पोराला अक्कानं स्वतः पाहिलं होतं. मग "नाही" कसं?

त्याच दिवशी ते कळंब्याला गेले. अक्का अंगणात शेंगा फोडत होती. त्यांनी कागद तिच्यापुढं धरला. "अक्का, हे असं का लिहिलंस?"

"मग काय लिहू? माझा भाऊ खुळा हाय म्हणून लिहू?" अक्का कडाडली. "कुठं दाखवालाईस ह्ये? तुझ्या मालकाला कळलं तर?"

"मी कधी बोलाय लागलो?"

अक्कानं शेंगा फोडायचं थांबवलं. "साडेचार वर्षांनी," ती म्हणाली. "तोवर शब्द न्हाय. आण्णा आईला म्हणायचे, मुकं जन्माला घातलंस. वर्षभर उशिरा शाळेत घातलं तुला. मीच घेऊन बसायची. समोरच्याच्या डोळ्यांत बघवत न्हाय तर दोन भुवयांच्या मधे बघ, म्हणून कुणी शिकवलं? काय म्हणताय, बरं हाय, पाऊस कसा हाय तिकडं, येतो मग. ही चार वाक्यं कुणी घोकून घेतली?"

"तूच."

"तुझी सोयरीक बघायला गेलतो तवा शेजारी कोण बसलंतं? आईनं मरताना माझ्याकडनं वचन घेतलंय, ह्याचं कुठं बोलायचं न्हाय म्हणून. आणि आता पारसच्या पोरीला मिळालं म्हणून तुला पायजे काय?"

"व्हय," श्रीपाल म्हणाले. "हेवा वाटतोय मला तिचा. जळतोय मी, अक्का. तिला सगळी समजून घ्यालेत. मला कुणी घेतलं?"

"मी घेतलं की रे," अक्का म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

घरी येऊन श्रीपालांनी अवनी मॅडमना पत्र लिहिलं. पान चार, ओळ दोन, चूक. पान चार, ओळ सहा, चूक. पान सात, नजर, त्याचा खुलासा सोबत. अशा सतरा हरकती. वाद घालायला आलेल्या माणसाचं पत्र वाटेल, याची त्यांना भीती होती. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. "तुमची हरकत बरोबर आहे. मी एकाच फॉर्मवर जास्त भरवसा ठेवला. बहिणीला घेऊन या."

अक्का चार दिवस नाही म्हणाली आणि पाचव्या दिवशी इरकली लुगडं नेसून तयार होऊन बसली. मॅडमपुढं अर्ध्या तासाचं बोलणं ठरलं होतं, ती दोन तास बोलली. बाहेर आल्यावर मात्र तिनं भावाकडं बघितलं नाही. आईचा शब्द मोडला हे तिनं इतकं मनाला लावून घेतलं की महिनाभर फोन उचलला नाही.

सुधारलेला रिपोर्ट आला. निकष पूर्ण होतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आदल्या निष्कर्षात त्रुटी होती, हेही मॅडमनी लिहिलं होतं.

श्रीपालांनी रविवारी सगळ्यांना बसवलं आणि पारसनं वाचला होता तसा तो वाचून दाखवला. कुणी रडलं नाही. पारस घसा खाकरून म्हणाला, "दादा, पण तुझं सगळं नीटच झालं की. नोकरी, संसार." त्रिशला म्हणाली, "आता ह्या वयात काय करायचं त्याचं?" आणि चहा टाकायला उठली.

रात्री अंथरूण घालताना मात्र ती एकदम थांबली. "मी तुम्हाला काय काय बोलले असेन हो," असं म्हणाली.

पुढं एका सकाळी आदिती त्यांना स्टँडपर्यंत स्कूटरवरून सोडायला गेली. एसटी लागायची होती. श्रीपाल म्हणाले, "मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतोय. चोविसाव्या वर्षी कळलं तुला."

"मला तुमचा वाटतो," आदिती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं एका जागी टिकलात. मला सहा महिने जमत नाही. बाबा रोज तुमचं उदाहरण देतात. रिपोर्ट यायच्या आधी तर मला तुमचं तोंड बघवत नव्हतं."

श्रीपालांनी हे कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. "आणि आता?"

"आता थोडं कमी आहे. गेलं नाही."

दिवाळीनंतर तिला घरून करायचं भाषांतराचं काम मिळालं. तिचा साहेब तिला फोन करत नाही, सगळं लिहून कळवतो. हे ऐकल्यावर श्रीपालांना पुन्हा हेवा वाटला, आणि त्यांनी तसं तिला सांगितलं. मग त्यांनी आपल्या मालकाला विचारलं, दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर न घेता तपासणीच्या खोलीत घेतलं तर चालेल काय. मालक म्हणाला, "मगदूम, एवढंच? आजवर बोलला का न्हाईसा?"