अप्पांच्या कॅमेऱ्यातल्या गंगाकाकू

जवळून चेहऱ्याचा फोटो काढताना अप्पा कॅमेऱ्याच्या फोकसच्या रिंगला हात लावत नसत. रिंग एक मीटरवर ठेवायची, समोरच्याला खुर्चीच्या पाठीला नीट टेकवायचे आणि स्वतःच कमरेतून पुढे-मागे सरकायचे, तेही अगदी बोटभर. कॅमेरा जुना, रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर जुळवून फोकस करायचा. त्याच्या खिडकीतल्या पिवळट चौकोनात माणसाचा एकच डोळा दोनदा दिसे. दोन्ही एकमेकांवर बसले की अप्पा श्वास रोखत. "स्वल्प तडी," असे कानडीत म्हणत, म्हणजे जरा थांब. आणि बटण दाबत.

सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो डिजिटलवर निघत, पण मनापासून काढायचा चेहरा या कॅमेऱ्यावरच. मी शाळेत चित्रकला शिकवतो. दर रविवारी जुळे सोलापुरातून स्कूटरवर त्यांच्याकडे शिकायला जायचो. त्या कॅमेऱ्यावर मी काढलेला पहिला रोल त्यांनी भिंगाखाली धरला.

"कान बघ कसा कोरलाय. आन डोळं कुटं हायत? तू मानूस कानावरनं वळखतूस काय?"

मग त्यांनी भिंतीपासून टेपने मीटरभर अंतर मोजले, भिंतीवरची खूण चौकोनात जुळवली आणि रिंगवर एकच मीटर येतो का, ते मला दाखवले. "धक्का बसला की जुळनी सरकतीया, पर यंत्र सांगत न्हाय. आपुन इचारायचं असतंय."

त्यांच्या पत्नीचा, गंगाकाकूंचा, असा फोटो मात्र एकही नव्हता. "केस विंचरून येते," म्हणून त्या आत जात आणि कामाला लागत. अशी तीस वर्षे गेली. मग पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले.

एका दुपारी मी भेटायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, "आज काढा. आज बसवतंय."

अप्पा जवळजवळ धावतच दुकानात गेले. परत येताना दारातल्या लोखंडी फाटकावर कॅमेरा आपटला. आवाज मी ऐकला. टेप दुकानात राहिली होती. काकू दोन उशांना टेकून, खाटेची कड घट्ट धरून बसल्या होत्या. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मीही टेपची आठवण करून दिली नाही. त्यांनी आठ फोटो काढले. मधेच काकूंनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी मोबाइल चेहऱ्याच्या जरा बाजूला धरून एक काढला.

नऊ दिवसांनी काकू गेल्या. पंधरवड्याने अप्पांनी रोल धुतला. आठही फोटोंत कानामागची एकेक बट स्पष्ट होती, डोळे धुक्यात.

"अप्पा, आपटल्याचा आवाज मला आला होता," मी म्हणालो.

"मलाबी आला हुता." त्यांनी निगेटिव्ह पुन्हा भिंगाखाली धरली. "टेप आनून तपासाय पाच मिन्टं लागली असती. ती बसली असती की. मलाच तिला तसं बघवंना."

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो लख्ख आला होता. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, डोळ्यांपर्यंत नेला.

"चांगला हाय. पर ती तुज्याकडं बगतीया." त्यांनी मोबाइल परत दिला.

दुकानात त्यांनी धूसर फोटोच लावला. गिऱ्हाइके म्हणत, "अप्पा, बिघडलेला कशाला लावलाय?" ते पासपोर्टचे फोटो कापत राहत. त्यानंतर त्यांनी जवळून कुणाचाही चेहरा काढला नाही. मी रविवारी जात राहिलो. आम्ही चहा घ्यायचो, कॅमेऱ्याविषयी बोलायचो नाही.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. दोघांचे फोटो एका चौकटीत लावायचे होते. "सर, आईचा एखादा चांगला आहे का तुमच्याकडं? दुकानातला अगदीच खराब आलाय."

मोबाइलवरच्या फोटोबद्दल अप्पा काय म्हणाले होते, ते मी त्याला सांगायला हवे होते. पण आईचे डोळे दिसणारा एक फोटो मुलाने मागितला, तर नाही कसे म्हणणार? मी पाठवून दिला.

आता ती चौकट त्यांच्या घरात आहे. अप्पा सरळ समोर बघतात. शेजारी गंगाकाकू किंचित बाजूला बघतात, त्या दुपारी माझा चेहरा होता तिकडे.