अर्जुनाचा गाल

कोरेगावकडं लग्न म्हटलं की सनईला अर्जुना हवाच. त्याच्यावाचून अक्षता पडल्या तर लोकांना लग्न लागल्यासारखं वाटायचंच नाही. चव्वेचाळीस सालच्या लगीनसराईत मात्र वाजवता वाजवता त्याच्या कानाखाली गाठ उठू लागली. दोन दिवसांत बसायची, पुन्हा वाजवलं की पुन्हा हजर. गावच्या वैद्यानं मान हलवली, तसा अर्जुना बायकोला, राहीबाईला, घेऊन सांगलीच्या मोठ्या इस्पितळात गेला.

"गाठ असेल तर कापावी लागेल," चिंतामण डॉक्टर म्हणाले. "चेहऱ्याची शीर तिथूनच जाते. तोंड वाकडं होऊ शकतं."

"तोंडाचं मरू द्या, डाक्टर. ओठात सनई धरता यील न्हवं?"

डॉक्टरांनी आधी आत गाठ आहे का ते बघायचं ठरवलं. त्याला चिंच चोखायला दिली. गालाच्या आत, वरच्या दाढेसमोर, लाळेच्या वाटेचं इवलंसं तोंड असतं. चिंचेनं तिथं लाळ पाझरली आणि डॉक्टरांनी नेमकी तिथंच बारीक नळी सरकवून तेलकट औषध सोडलं. मग क्ष-किरणांचा फोटो काढला. गाल ठणकत होता, पण गडी हूं की चूं करीना.

फोटोत पानं झडलेलं झाड दिसलं. एक खोड, त्याला बारीक बारीक फांद्या, सगळ्या जिथल्या तिथं. ना खडा, ना गाठ.

"लाळेची ग्रंथी अशीच असायला हवी," डॉक्टर म्हणाले. मग फुगतं काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला समोर बसवून सनई वाजवायला लावली आणि कानाखाली बोट ठेवलं. फुगवलेल्या गालातला वारा लाळेच्या वाटेनं उलटा आत घुसून ग्रंथी फुगवत होता. "सनई सोडा, गाल बरा होईल."

"गाल बरा हुईल, डाक्टर. मी कसा हुईन?"

घरी येऊन त्यानं जुना फेटा फाडला, त्याची पट्टी दोन्ही गालांवरून करकचून बांधली आणि पन्नाशीत नवशिक्यासारखा फुंकायला बसला. गालात दम साठवायची सवय लहानपणापासूनची. ती मोडताना सूर फाटायचे, गल्लीतली कुत्री भुंकायची. मी मी म्हणणाऱ्यांनी हात टेकले असते. हा वर्षभर बसला.

पुढच्या उन्हाळ्यात नाथाजी पाटलाच्या मांडवात तो तसाच, गाल बांधून आला. "दाढ दुखतीया व्हय रं?" कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. अर्जुनानं सनई ओठाला लावली. हसू जागीच विरलं. दम पूर्वीइतका लांब नव्हता, मधे मधे श्वास घ्यावा लागत होता, पण सूर कुठं हलला नाही.

वरात निघाल्यावर राहीबाईनं पट्टी सोडून त्याच्या कानाखाली चाचपलं. काही नव्हतं. उभ्या जन्मात नवऱ्याला कधी बरं न म्हणणारी ती बाई, तिचे डोळे भरले.

"आवं, आज लय ग्वाड वाजीवलंसा," ती म्हणाली.