हिला सांगायचं नाही, असं मी ठरवलं

रिपोर्ट नयनाने वाचला आणि उलटा करून मांडीवर ठेवला. नयना माझी मुलगी, स्वतः डॉक्टर. मुलुंडच्या हॉस्पिटलात आम्ही दोघंच बाकड्यावर बसलो होतो.

"बाबा, आईला पॅन्क्रियाजचा कॅन्सर आहे. लिव्हरमध्ये पसरलाय."

पॅन्क्रियाज म्हणजे जठराच्या मागची ग्रंथी. हे तिनेच समजावलं. चौथी शिकलेल्या माणसाला कुठून माहीत असणार?

मी म्हटलं, "आईला सांगायचं नाही."

"बाबा, मी रोज दुसऱ्यांच्या आयांना सांगते."

"त्या दुसऱ्यांच्या."

तिने रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला.

त्याआधी हिचे, म्हणजे माझ्या बायकोचे, डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तेव्हा मी हिला मानखुर्दला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, आम्ही खूश. डोळे तसेच. नयनाने बघितलं आणि मला झापलं.

पित्ताची नळी दबली होती. तिच्यात स्टेंट घातला, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी. खाज थांबली. हिला आम्ही सांगितलं, पित्ताचा खडा होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "केमोने थोडे दिवस वाढतील, पण त्रास होईल. पेशंटला विचारून ठरवा."

आता विचारणार कसं? खड्याला कोणी केमो देतं का?

विक्रोळीला घरी आलो. नयना भेटायला आली तेव्हा ही भिंतीला टेकून बसली होती.

"काय गो, माका काय झालाहा?"

"आई, खडा—"

"गप. तुझ्या बापाशीन आठ दिवस जेवणाक नाव ठेवूक नाय. काल माझे पाय चेपल्यान. माझा काय खरा नाय, ता माका कळला. आता नीट सांग."

नयनाने डॉक्टरसारखं सुरू केलं आणि मध्येच रडायला लागली. हीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली, "खड्याची गोष्ट तुमचीच ना? खोटा पण धड सांगूक येना नाय!"

तिघंही हसलो. रडत होतो आणि हसत होतो.

केमो नको, घरीच राहणार, असं हिने स्वतः ठरवलं. नयनाला बजावलं, "डॉक्टर हॉस्पिटलात ठेवून ये. हयसर माझा चेडू होऊन बस." चेडू म्हणजे लेक. नयनाने रजा काढली. दुखणं थांबवायची औषधं तीच द्यायची, केसही तीच विंचरायची. हिची-माझी जेवणावरून भांडणं परत सुरू झाली. हिलाच ती भांडणं हवी होती.

एका सकाळी श्वास मंद झाला. नयनाने सवयीने नाडी बघायला मनगट धरलं. मग बोटं काढली आणि आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी पायाशी होतो.

तुमच्या घरी असं झालं तर लपवू नका. मी लपवलं तेवढे दिवस ही सगळं ओळखून एकटी पडली होती. नंतर आम्ही तिघं होतो. आता घर खायला उठतं, तेव्हा त्या नंतरच्या दिवसांवरच मी जगतो.