पुढचा ब्रेक ढिला कोणी केला?

पुढच्या ब्रेकचं लिव्हर दाबलं, तर ते सरळ जाऊन हँडललाच टेकलं. चाक मात्र खुशाल फिरत होतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काका, ही गाडी तुम्ही घोटीहून इथवर चालवत आणलीत?"

"मग काय ढकलत आनली?" पोपटराव म्हणाले.

माझं गॅरेज नाशकात द्वारकाजवळ. काम मुख्यतः बुलेटचं. पोपटरावांची घोटीला भाताची गिरणी. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तोवर त्यांची बुलेट चांगली जुनी झाली होती. तिला डिस्क ब्रेक बसवायचा म्हणून ते आले होते. तेव्हा डिस्क म्हणजे तरुण पोरांची हौस. साठीच्या माणसाला हे खूळ कुठून लागलं, असं मला वाटलं. मी तसं विचारलंही.

मग त्यांनी सांगितलं. लेक हरसूलला दिलेली. नवरा-बायको बुलेटवरून तिच्याकडे जायचे. पावसाळ्याआधी त्र्यंबकच्या पुढे उतारावर म्हैस आडवी आली. ब्रेक लागला नाही, गाडी शेतात गेली. त्यांना खरचटलं, पण त्यांच्या बायकोचं, सुभद्रामावशींचं, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण मावशी परत गाडीवर बसल्या नाहीत.

"आता ती एसटीनं जाती आन् मी एसटीच्या मागं मागं बुलेट चालवत जातो," पोपटराव म्हणाले. "तिला खिडकीत जागा घ्यायला सांगतो. निदान दिसती तरी."

हसू की काय करू, मला कळेना.

"असा ब्रेक बसव मिस्त्री, का ती परत मागं बसली पायजे. बाकी मला काय नको."

आता ब्रेकचं थोडं सांगतो. जुन्या बुलेटला ड्रम ब्रेक. चाकाच्या मध्ये एक गोल डबा, त्यात दोन शू. ब्रेक मारला की शू पसरून डब्याला आतून घासतात. लांब उतारावर ते तापतात आणि पकड कमी होते. डिस्कमध्ये चाकाला बाहेरून पोलादी ताटली असते, तिला दोन पॅड दोन्हीकडून चिमटीत धरतात. जोर तेलाच्या दाबाने येतो, त्यामुळे दोन बोटांनी काम होतं.

पण पोपटरावांच्या गाडीत भानगड वेगळीच निघाली. पुढचा ड्रम उघडला तर शू जवळजवळ नवेकोरे. घासलेच नव्हते! केबलचा नट पार मागे फिरवून ठेवलेला. म्हणजे मुद्दाम ढिला केलेला.

माझं डोकंच फिरलं. "कोणत्या शहाण्याने हे केलं?"

"मीच करून घेतलं."

"कशाला?"

पोपटरावांनी बाहेर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "लग्न नवं व्हतं. हिला पयल्यांदा मागं बसवलं तवा गावातला एक जण बोलला, पुढचा ब्रेक दाबला का गाडी उलटती आन् मागचं मानूस उडून पडतं. चुकून हात जाऊ नाय म्हनून ढिलाच करून टाकला. तिला नको सांगू. लय लागंल तिला."

आमच्याकडे हा समज घरोघरी. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, सगळं पायाने करायचं. खरं तर उलटं आहे. एसटीने ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात. तसंच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होऊन घसरतं, जमीन धरतं ते पुढचं. वळणावर आणि खडीवर तेवढं जपायचं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण या माणसावर ओरडवेना. बायकोला जपण्यासाठी त्याने तिच्या मनगटावर संकट आणलं होतं.

काम सोपं नव्हतं. चाक धरणारा पुढचा फोर्क आणि चाकाच्या मधला हब बदलला, चाकाचे स्पोक नव्याने भरले. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, बसेना. त्याचं ब्रॅकेट सातपूरच्या लेथवाल्याकडून करून आणलं. एवढं करून लिव्हर मऊच लागत होतं. तेलात हवा राहिली की असं होतं. बुडबुडे बंद होईपर्यंत हवा काढत बसलो, तेव्हा कुठे लिव्हर कडक झालं. मागचे शूही बदलले.

गाडी न्यायच्या दिवशी मावशींनाही बोलावलं. त्या एसटीनेच आल्या. मावशी रिक्षाने आणि आम्ही दोघे आपापल्या गाडीवर, असे तपोवनाकडच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. पोपटरावांनी एकट्याने फेरी मारली आणि थांबताना पायानेच ब्रेक दाबला. पुन्हा फेरी, पुन्हा पाय. बोटं लिव्हरवर जायची आणि परत यायची.

मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ब्रेक नवा बसवला मिस्त्री, पन हे जुनेच हायेत ना! मी नाय बसायची."

पोपटराव पुढच्या फेरीला गेले आणि माझ्याने राहवेना. नको सांगू म्हटलेलं मी सगळं सांगून टाकलं. मावशी ऐकत राहिल्या.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "आगं बाई! आन् मी म्हनत व्हते, गाडीच खोडीची हाय."

पोपटराव फेरी मारून आले. मावशींनी पदर खोचला आणि सरळ मागे जाऊन बसल्या.

"अगं, आधी माझा हात बसू दे—"

"बसंल. मी खांदा दाबला का तुमी लिव्हर दाबायचं. गुमान चला."

गाडी निघाली. माझा जीव टांगणीला लागला होता. पुढे जाऊन मावशींनी खांदा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मग मात्र गाडीचं नाक खाली दबलं आणि बुलेट जागच्या जागी उभी राहिली.

"बघा," मावशींचा आवाज मला इथवर आला. "उडाले का मी?"

पोपटराव गाडीवर बसल्या बसल्याच रडायला लागले. मावशी मागून त्यांची पाठ चोळत होत्या आणि बडबडतही होत्या, "येड्यावानी काय करता? लोक बघत्यात." लोक म्हणजे मी एकटाच. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळच्या आत घोटीला पोचायचं म्हणून ते तिथूनच निघाले. द्वारका चौकात सिग्नल लागला तेव्हा मी त्यांच्या मागेच होतो. मावशींनी खांदा दाबला, गाडी थांबली. सिग्नल सुटल्यावर पोपटरावांनी गाडी काढली, तरी मावशींनी हात खांद्यावरून काढला नाही.

तेव्हापासून कोणी ब्रेकचं काम घेऊन आलं की मी आधी विचारतो, मागे कोण बसतं? आणि गाडी न्यायला त्या माणसालाही बोलावतो. ब्रेक मी बसवून देतो. तो दाबायला लावणं माझ्या एकट्याच्या हातातलं काम नाही.