मागचा माणूस

आमच्या गावाजवळच्या चौफुलीवर सिग्नल नाही, पोलीस नाही, आणि जो एक सरकारी फलक आहे त्याच्यावर बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा बांधलेल्या असतात. एक रस्ता अंबडकडे जातो, एक साखर कारखान्याकडे, एक आमच्या गावात येतो आणि चौथा मोसंबीच्या बागांकडे जातो. बाहेरचा माणूस पहिल्यांदा तिथे आला की म्हणतो, इथे काही नियमच नाहीत. मला त्याचा राग येतो. नियम आहेत, फक्त कुणी लिहून ठेवलेले नाहीत. भरल्या गाडीला रिकाम्या गाडीनं वाट द्यायची, कारण भरली गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा हलवणं जिवावर येतं. एसटी आली की सगळ्यांनी थांबायचं, तिच्या मानासाठी नव्हे, ती थांबणार नाही हे ठाऊक असतं म्हणून. समोरच्यानं लाइट मारला तर त्याचा अर्थ ‘ये’ असा नसतो, ‘मी येतोय, तू थांब’ असा असतो. खिडकीतून हात बाहेर आला आणि बोटं हलली की मग जायचं.

मी बदनापूरला शाळेत शिकवते. रस्त्याच्या नियमांचा पाठ दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. चौकात सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हे मुलं एका सुरात म्हणून दाखवतात आणि सुटीनंतर त्याच तोंडानं बापाच्या मोटरसायकलवर बसून चौकातून भुर्रकन निघून जातात. मीही काही वेगळी नव्हते. पुस्तकातला नियम वर्गात आणि चौफुलीचा नियम चौफुलीवर, असं माझं चाललेलं होतं. त्यात कधी अडचण आली नाही.

आमच्या घराचा मात्र आणखी एक नियम होता, तो या दोन्हींच्या आधीचा. आम्ही मूळचे मेंढपाळ. मी लहान असताना दिवाळी झाली की माझे वडील, ज्यांना घरातले आणि गावातले सगळेच आबा म्हणतात, मेंढरं घेऊन बाहेर पडायचे. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, आणि एका रानातून दुसऱ्या रानात जायचं तर मध्ये डांबरी रस्ता यायचाच. तिथे एकच गोष्ट पाळायची, कळप तुटू द्यायचा नाही. पुढची मेंढरं पलीकडे गेली आणि मध्येच एखादी गाडी घुसली, तर मागं राहिलेली अर्धी बिथरतात. त्यांना गाडी दिसत नाही, हॉर्न ऐकू येत नाही. पुढची कुठे गेली एवढंच त्यांना दिसतं, आणि ती तशीच धावत सुटतात. जुने ट्रकवाले हे जाणून होते. पहिलं मेंढरू रस्त्यावर आलं की इंजिन बंद करायचे, बिडी पेटवायचे आणि शेवटचं कोकरू जाईपर्यंत गप्प बसायचे.

पुढे आबा चालायचे आणि मागे माझा भाऊ. वाट माहीत असली की पुढे कुणीही चालू शकतं, असं आबांचं म्हणणं. खरं काम मागच्याचं. लंगडं मेंढरू त्यानं उचलायचं, काट्यात अडकलेलं त्यानं सोडवायचं, आणि कळपाला फट पडली की त्यानंच ती बुजवायची. भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून मागे होता. अंगानं दणकट, बोलायला कमी, आणि मी चिडले की हसणारा. माझ्या रागाला घरात एवढा एकच माणूस भीत नव्हता.

पुढे मेंढरं गेली. चराईला रानं उरली नाहीत, जिकडेतिकडे तारांची कुंपणं झाली. आबांनी होती ती विकली, थोडी जमीन घेतली, कापूस लावला. भाऊ कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागला. पण सवय काही गेली नाही. लग्न असो, बारसं असो, मयत असो, आम्ही निघालो की रांगेत निघतो. आबांची मोटरसायकल पुढे, मागे आम्ही सगळे, सगळ्यात शेवटी भाऊ. चौफुलीवर आबा उजवा हात आडवा धरायचे आणि सरळ जायचे. त्यांच्यामागे आम्ही जायचो, इकडे न पाहता, तिकडे न पाहता. चौफुलीवरचे लोकही ओळखीचे. आबांची मिरवणूक निघाली म्हणून हसायचे आणि थांबायचे. मलाही त्याचं हसूच यायचं.

त्या दिवशी चुलत बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. हिवाळ्याची सकाळ, ऊन चांगलं पडलेलं. आबांच्या मागे माय, त्यांच्यामागे काका-काकू, मग चुलत भावंडं, मग मी माझ्या स्कूटीवर. भावाच्या मोटरसायकलला मागे फराळाचे डबे बांधले होते, त्यामुळे वहिनी माझ्यामागे बसली होती. भाऊ सगळ्यात शेवटी. हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नव्हतं. साखरपुड्याला हेल्मेट घालून गेलं तर लोक हसतात, हेही मी पाठ शिकवणारी असून लिहिते आहे.

गावाबाहेर पडताना काकूच्या हातातली पिशवी पडली. काकूला ते कळलं नाही. भावाला दिसलं. तो थांबला, पिशवी उचलली, आतलं काय सांडलं ते पाहून भरलं असणार. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही चौफुलीवर पोहोचलो तेव्हा उजव्या हाताला, मोसंबीच्या रस्त्यावर, एक पिकअप उभी होती. क्रेटांनी काठोकाठ भरलेली. आबांनी हात आडवा धरला आणि गेले. आम्ही मागोमाग गेलो. पिकअपवाला थांबला होता, मी त्याला पाहिलं. कोवळा पोरगा, स्टिअरिंगवर दोन्ही हात, आमच्याकडे बघत होता. मी सगळ्यात शेवटची गेले. मग त्याला रस्ता मोकळा दिसला आणि त्यानं गाडी काढली.

भाऊ फट बुजवायला निघाला होता. आम्ही पलीकडे गेलेलो त्याला दिसत होतो. तो आमच्याकडे पाहत आला.

आवाज झाला तेव्हा वहिनीनं माझा खांदा धरला. मी स्कूटी फिरवली. रस्ताभर मोसंब्या घरंगळत होत्या. तो पोरगा गाडीतून उतरून भावाला उचलायला वाकला होता आणि लोक त्याला मागून मारत होते. त्यात आमचीही माणसं होती. त्याची भुवई फुटली तरी त्यानं भावाच्या मानेखालचा हात काढला नाही. भावाला आम्ही ओळखीच्या एका जीपमध्ये घातलं आणि जालन्याला नेलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि आबांशी न बोलता काकांशी बोलले, तेव्हाच आम्हाला समजलं.

सुतकात भेटायला आलेला जो तो एकच सांगायचा. रांग चालू होती, त्या पिकअपवाल्यानं मध्ये घुसायला नको होतं. मीही तेच सांगायचे, सगळ्यात मोठ्यानं. मला कुणीतरी हवं होतं ज्याच्यावर राग काढता येईल, आणि तो पोरगा आयता होता. माय ओसरीत पडून असायची. वहिनी स्वयंपाक करायची, पाणी भरायची, आल्यागेल्याला चहा द्यायची. रडताना तिला कुणी पाहिलं नाही, आणि बायका त्यावरही बोलायला लागल्या होत्या. आबा भिंतीला टेकून बसायचे. कुणी काही म्हटलं तरी हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत.

तेरावा झाला. पोलीस ठाण्यातून जबाबाला बोलावणं आलं. आबांनी जायचं, आणि पत्नी म्हणून वहिनीनं. आदल्या दुपारी काका आबांना समजावत बसले होते. “आबा, बिलकुल घाबरायचं न्हाई. एवढंच म्हणायचं, आमची रांग चालू व्हती अन् त्यानं जोरात गाडी घुसवली. बाकी साहेब बराबर लिहून घेतात. पोरगं आत गेलं पाह्यजे.”

आबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. काका गेल्यावर मला म्हणाले, “तू पोरांना शिकवून राह्यलीस ना ते रस्त्याचं. उजव्या हातानं येणाराचं काय लिवलंय त्यात?”

“पुस्तक राहू द्या, आबा,” मी म्हणाले.

“मी इचारलं ते सांग.”

“पुस्तकाला काय कळतंय आपलं! आपला माणूस गेलाय.”

उत्तर त्यांना माहीत होतं, मला वाटतं, माझ्या पुस्तकाच्या आधीपासून. पिकअप उजवीकडून होती. पिकअप भरलेली होती. ती थांबून राहिली होती. पुस्तकाचा नियम लावा, चौफुलीचा लावा, पाळी त्या पोराची होती. फक्त आमच्या घरच्या नियमानं ती आमची होती, आणि आमचा नियम त्या पोराला कुणी सांगितला होता?

ठाण्यात तो बाकावर बसला होता. भुवईवर पट्टी, पाय जवळ घेतलेले. आम्हाला पाहून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. मी त्याच्याकडे पाठ केली. जमादारांनी आबांना खुर्ची दिली, वहिनीलाही दिली. काका आबांच्या मागे उभे राहिले, मी दारात.

“सांगा आबा,” जमादार म्हणाले. “पिकअप किती जोरात आल्ती?”

“आल्ती न्हाई. उभी व्हती.”

काकांनी खाकरून पाहिलं. जमादारांनी पेन थांबवलं. “म्हणजे?”

“आम्ही समदे जाईस्तोवर त्यो थांबला व्हता. माझी लेक गेली. मंग त्याला वाटलं, संपली रांग. वाटणारच. मधी लई फट पडल्ती.”

“मग तुमच्या मते चूक कोणाची?”

मी मनात म्हणत होते, सांगू नका, आबा. एवढं एकदा तरी खोटं बोला. हातात दुसरं काही राहिलेलं नाही आपल्या.

“पुढं मी व्हतो,” आबा म्हणाले. “पलीकडं गेल्यावर थांबून मागं पाहाया पाह्यजे व्हतं. समदे आले का, मोजाया पाह्यजे व्हतं. म्या पाह्यलं न्हाई. तसाच गेल्तो पुढं. हे लिवा.”

काका ताडकन बाहेर निघून गेले. जाताना मला म्हणाले, तुझ्या बापाला येड लागलं. मला त्या क्षणी काकांचं खरं वाटलं. बापाचा एवढा संताप मला जन्मात कधी आला नव्हता. मेल्या पोराच्या बाजूनं चार शब्द बोलायचे सोडून हा माणूस परक्याच्या पोराला सोडवतो आहे, असंच मला वाटलं. जमादारांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आबांनी सही केली. वहिनीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मामांनी सांगितलं तेच.” तो पोरगा बाकाजवळ हात जोडून उभा होता. आमच्यातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. केस अजून चालू आहे आणि तिचं काय होईल ते मला सांगता येत नाही, पण आबांचा जबाब आहे तसा आहे. तो त्यांनी बदलला नाही.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली गाड्या लावल्या होत्या. काका निघून गेले होते. आबांनी मोटरसायकलची किल्ली काढली आणि नुसतीच हातात धरून ठेवली. वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आमच्या घरात सून सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही. तिनं पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही.

“मामा, एकदाबी मागं वळून न्हाई पाह्यलं तुम्ही?”

“न्हाई.”

“का न्हाई पाह्यलं?”

वहिनी तशीच उभी राहिली. ती उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हती, आणि मीही तिथून हलले नाही, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

“त्यो मागं व्हता ना, बाई,” आबा म्हणाले. “त्यो मागं असल्यावर म्या कधी मागं पाह्यलंच न्हाई.”

वहिनी तिथेच मातीत बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ठाण्यातले पोलीस बाहेर येऊन बघायला लागले एवढ्या मोठ्यानं रडली. मी तिच्याकडे धावले, पण आबा जवळ होते. सासऱ्यानं सुनेच्या शेजारी खाली बसायची आमच्यात रीत नाही. आबा बसले.